पॅरिसवाल्याची पाठवणी

वैशाख लागला की लोकांना आंब्याचा वास येतो, मोगऱ्याचा येतो. मला चिंचेचा येतो. आबा, म्हणजे माझे वडील, बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. आमच्या शाहूपुरीतल्या घराला अंगण होतं, म्हणून लग्नसराईच्या आधी अख्ख्या बँडची पितळी वाद्यं आमच्याकडं घासायला यायची. आई, अक्का आणि मी चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन बसायचो. कर्णे काय, झांजा काय, तो गळ्यात घालायचा अजस्र भोंगा काय! बोटं सुरकुतायची, नखांत राख बसायची आणि आई म्हणायची, "घासा बायांनो, लोकांच्या लेकींची लग्नं झळकली पायजेत." आबांचं वाद्य तेवढं काळं, लाकडी. त्याला चिंच चालायची नाही. त्याला ते स्वतः खोबरेल लावायचे आणि आम्हाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत.

आता कुठलं अंगण आणि कुठला बँड! त्या जागेवर मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. मी शाळेत पोरांना पाढे शिकवून शिकवून निवृत्त झाले आणि एका फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. पण सराई आली की कान आपोआप रस्त्याकडं जातात. खालून वरात जाते, ट्रॉलीवर रचलेल्या त्या भिंतीएवढ्या स्पीकरांनी खिडकीची तावदानं थरथरतात, आणि मी खिडकीत उभी राहून एकटीच बडबडते, की अरे, ह्याला वाजवणं म्हणतात का! कुणी ऐकत नाही, ते एक बरं आहे.

यंदा कागलला गेले होते. माझी थोरली बहीण, अक्का, तिथं दिलेली. तिच्या शेजारच्या घरी लग्न होतं आणि अक्काचा हुकूम आला होता, "यायचं. पाय दुखतात, डोकं दुखतं, काय ऐकणार न्हाय." बँड नव्हताच. बेंजो पार्टी होती, आणि एक मिशाळ माणूस कीबोर्ड घेऊन टेंपोत बसला होता. दुपारभर त्यानं कान किटवले. चार वाजता पाठवणीची वेळ झाली, नवरी आईच्या गळ्यात पडली, आणि त्या माणसानं एकदम संथ, डुलती चाल सुरू केली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

आणि अक्का भर मांडवात ओरडली, "अर्धीच वाजीवतोयस की रे!"

तो माणूस दचकला. "अर्धी कशी मावशी? पाठवणीची चाल हीच हाय. आमच्या गुरूनं अशीच शिकिवली."

"तुझ्या गुरूलाबी अर्धीच ठावं व्हती," अक्का म्हणाली आणि पुढं होऊन रडू लागली. नवरीची आईसुद्धा क्षणभर रडायची थांबून तिच्याकडं बघत राहिली.

घरी आल्यावर अक्काच्या सुनेनं, स्मितानं, विचारलं की मावशी, ही अर्धी-पुरी काय भानगड आहे. मी तिला चाल गुणगुणून दाखवली. तिनं फोन माझ्या तोंडापुढं धरला, दोनदा चुकीचं काहीतरी आलं, तिसऱ्यांदा आलं ते बरोबर आलं. दोन परदेशी बायका गात होत्या. खालच्या आवाजाची आधी सुरू झाली, ती आमची पाठवणीची चाल, जशीच्या तशी. थोडी एकटी चालली. मग वरच्या आवाजाची येऊन तिला मिळाली आणि दोघी बरोबर निघाल्या. वरचा आवाज आला तेव्हा अक्कानं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. आम्ही दोघींनी ती वरची चाल इतक्या वर्षांत कुणाकडून ऐकली नव्हती. मला आबांची फार आठवण आली, आणि त्यांच्या जोडीनं वाजवणाऱ्या दत्तूकाकांचीही.

स्मितानं मग वाचून दाखवलं. ही चाल एका फ्रेंच संगीतकाराची. मूळचा जर्मनीतला, बापानं पोरवयात पॅरिसला आणून सोडलेला. चेलो वाजवायचा. हाडकुळा, नाकावर चष्मा, आणि धंदा म्हणजे लोकांना हसवणारी संगीत नाटकं लिहिणं. ढीगभर लिहिली त्यानं. राजाची टिंगल, सेनापतीची टिंगल, देवांची तर फारच. आयुष्यभर लोकांना हसवून शेवटी म्हणाला असेल, आता एक गंभीर करू. ते गंभीर नाटक रंगमंचावर यायच्या आतच बिचारा गेला. ही डुलती चाल त्याच नाटकातली. ती सुद्धा त्यानं आपल्याच एका पडलेल्या जुन्या नाटकातून उचलून तिथं घातली होती. होडी पाण्यावर हलते आहे आणि दोघीजणी प्रेमाचं गाणं गात आहेत, असा प्रसंग. त्यातली एक गणिका.

"गणिका?" मी म्हटलं. "म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या लेकी गणिकेच्या गाण्यावर सासरी गेल्या?"

"मग काय झालं?" अक्का म्हणाली. "तीबी कुणाची तरी लेकच की."

आबा ह्या संगीतकाराला पॅरिसवाला म्हणायचे. त्यांच्या तरुणपणी एक म्हातारे बँडमास्तर होते, संस्थानच्या बँडात वाजवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडं पिवळ्या पडलेल्या कागदांची एक पेटी होती. परदेशी पद्धतीनं लिहिलेली सुरावट, पाच रेघा आणि त्यावर काळे ठिपके. काही कागदांवर डोक्याशी ठळक अक्षरांत पॅरिस छापलेलं होतं. बाकी नाव वाळवीनं खाल्लेलं. म्हणून पॅरिसवाला. मास्तरांनी पोरांना त्याच्या दोन चाली शिकवल्या. एक ही डुलती. दुसरी उड्यांची.

उड्यांची चाल वरातीत वाजायची. काय चाल होती! सुरू झाली की साठीचे मामेसुद्धा दातांत टॉवेल धरून उसळायचे. घोडा बिचकायचा, करवल्या किंचाळायच्या, बँडवाल्यांच्या लाल कोटांच्या पाठी घामानं काळ्या व्हायच्या आणि ढोलवाला बेभान व्हायचा. आमच्याकडं नवरदेव आधी देवळात जातो, तेव्हा देवळाच्या दारापर्यंत हीच चाल वाजायची. कुणाला कधी काही वाटलं नाही. परवा स्मितानं दाखवलं, पॅरिसमध्ये ह्या चालीवर बायका झालरीचे घागरे उचलून तंगड्या उडवतात, आणि मूळ नाटकात तर ती देवांच्या नाचाची आहे, नरकात जाऊन देव धिंगाणा घालतात त्याची. मी पोट धरून हसले. देवळाच्या दारातल्या मारुतीला ठाऊक असणार, आणि त्यानं आम्हाला सांगितलं नाही.

स्मितानं त्याची आणखी एक चाल ऐकवली. उपाशीपोटी असलेली एक गरीब मुलगी आपल्या माणसाला निरोपाचं पत्र लिहिते, की तुझ्यावर जीव आहे, पण भूक फार लागली आहे. अक्कानं ती तीनदा लावायला लावली. हसवणाऱ्या माणसाला हे कुठून सुचायचं, मला कळत नाही. आमचे दत्तूकाकाही असेच. दिवसभर चेष्टामस्करी, आणि क्लॅरोनेट तोंडाला लावलं की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी.

दत्तूकाका आबांचे बालमित्र. मास्तरांकडं दोघं एकाच दिवशी शिकायला गेले. क्लॅरोनेटचं तोंड दातांत धरावं लागतं, म्हणून मास्तरांनी दोघांचे दात बघितले. दत्तूकाकांचे सरळ, आबांचा पुढचा एक दात वाकडा. झालं, दत्तू पहिला आणि आबा दुसरा. डुलत्या चालीत पहिलं क्लॅरोनेट वरची सुरावट वाजवतं, दुसरं खालची. मास्तरांनी वाटणी करून दिली ती वीस वर्षं टिकली. बँडमध्ये उभं राहताना दत्तूकाका उजवीकडं, आबा त्यांच्या डाव्या हाताला. अक्का लहानपणी दत्तूकाकांच्या खांद्यावर बसून वराती बघायची आणि त्यांच्या टोपीचा गोंडा तोडायची. आमच्या घरी जेवायला बसले की ते आईला म्हणायचे, "वैनी, ह्याला कमी वाढा, ह्याला खालचंच वाजवायचं असतं, दम लागत न्हाय." आबाही हसायचे.

मग एका वैशाखात, कागलकडच्या एका बागायतदाराच्या घरच्या लग्नात, आबा म्हणाले, "दत्तू, आज एक डाव वरची मला दे."

दत्तूकाका नळी पुसत होते. "आणि खालची?"

"तू घे."

सगळा बँड ऐकत होता. दत्तूकाका हसले. "गड्या, वरची वाजवायला छाती लागती. तू आपला खालीच बरा हाईस."

बँडवाले हसले, आचारी हसले. आबांनी क्लॅरोनेटचे तुकडे सोडवले, पेटीत ठेवले, पेटी बंद केली आणि हमरस्त्यावर येऊन एसटी धरून घरी आले. चेष्टा तीच होती, वीस वर्षं चाललेली. पण त्या दिवशी ती त्यांना लागली. दत्तूकाका म्हणे, "मी मस्करी केली, हा रुसला, ह्यात माझं काय चुकलं?" दोघंही कोल्हापूरचे, मागं कोण हटतंय! त्या पावसाळ्यात दत्तूकाका शाहूवाडीकडच्या आपल्या गावी भात लावायला गेले ते तिकडंच राहिले.

आबांनी बँड सोडला नाही. आता पाठवणीला ते एकटे वाजवायचे, पण वाजवायचे ते खालचीच. आई एकदा म्हणाली, "आता कोण अडिवतंय? जागा मोकळी हाय, वाजवा की वरची." आबा म्हणाले, "ती त्याची हाय." एवढंच. आणि गंमत बघा, कुणाला काही कळलंच नाही. चालीतली अर्धी बाजू गेली, आणि मांडवातली माणसं पूर्वीइतकीच रडत होती. दुसऱ्या बँडवाल्यांनी आबांचं ऐकून ऐकून ती चाल उचलली, त्यांचं ऐकून तिसऱ्यांनी उचलली, आणि दुसऱ्या क्लॅरोनेटची साथ हीच कोल्हापूरभर पाठवणीची चाल झाली. आबा लग्नावरून परत यायचे, पाय धुवायचे आणि म्हणायचे, "रडली माणसं. एकालाबी कळलं न्हाय, दत्तू न्हाय ते." हे त्यांना त्या चेष्टेपेक्षा जास्त लागलं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला फक्त त्यांचा राग यायचा.

असं तीन वर्षं चाललं. मग अक्काचं लग्न ठरलं. वैशाखातलाच मुहूर्त. ह्या खेपेला अंगणात वाद्यं घासायला बसलो तेव्हा आई दुसऱ्यांच्या लेकींबद्दल काही बोलली नाही, नुसती घासत राहिली. आबा खुर्चीवर बसून आमंत्रणांची यादी करत होते. अक्कानं हातातली झांज खाली ठेवली.

"आबा, दत्तूकाकांचं नाव घातलं का?"

"न्हाय."

"मग पाठवणीला कोण वाजिवणार? तुम्ही तर वाजवू शकणार न्हाय."

ते खरं होतं. पाठवणीला बापानं लेकीचा हात धरून तिला गाडीपर्यंत न्यायचं, वाटेत सोडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. क्लॅरोनेटला दोन्ही हात लागतात.

"दुसरं कोणतरी वाजवील," आबा म्हणाले.

"कोणतरी वाजवील ती अर्धीच. मला न्हाय चालणार. चाल वाजली तर पुरी वाजंल, न्हायतर बँड लावू नका. अर्ध्या चालीवर मी ह्या घरातनं जाणार न्हाय."

"मग जाऊ नकोस! बस हितंच झांजा घासत!"

"अवो, काय बोलताय लेकीला!" आई ओरडली. आबा उठून बाहेर गेले. अक्कानं परत झांज घेतली आणि इतकी घासली, इतकी घासली की तिच्यात तोंड दिसायला लागलं. ती हट्टी आहे, पण तो हट्ट नव्हता. तिला घर सोडायचं होतं आणि मागं हे दोघं असे तुटलेले ठेवून जायचं नव्हतं. मी धाकटी म्हणून ती मला सांगायची नाही, पण उशी भिजलेली मला दिसायची.

आबा जाणार नव्हते, तेव्हा आईच गेली. अक्षता, कुंकू आणि पत्रिका घेऊन आम्ही दोघी एसटीनं शाहूवाडीकडं निघालो. घाटाच्या वाटेनं करवंदांच्या जाळ्या आणि लाल धुरळा. दत्तूकाका खळ्यावर बैलांचं दावं वळत बसले होते. वाळले होते. काकूंनी ताक दिलं. आईनं अक्षता पुढं केल्या.

"भावजी, पोरीचं लगीन हाय."

त्यांनी अक्षता दोन्ही हातांत घेतल्या, कपाळाला लावल्या आणि देव्हाऱ्यात ठेवून आले. मग दावं परत हातात घेतलं. "त्यानं धाडलं का तुमाला?"

आई खोटं बोलू शकली असती. "न्हाय," ती म्हणाली. "पोरीनं धाडलं. म्हणती पुरी चाल वाजली तरच जाईन."

"वैनी, खालची कोण वाजिवणार?"

"कोण न्हाय. त्यांच्या हातात पोरीचा हात असणार."

"मग मी एकट्यानं वरची वाजवून काय करू? खालची नसली की वरची येड्यागत वाटती." येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत. निघताना पायलीभर तांदूळ बांधून दिला आणि म्हणाले, "बघू की."

लग्नाच्या दिवशी उन्हाचा कहर होता. मांडवाच्या कापडातून पिवळा उजेड गळत होता, बुंदीवर माश्या, उदबत्ती, घाम, मोगरा. अक्षता पडल्या. पंगती उठल्या. दत्तूकाका आले नाहीत. आबा भगवा फेटा बांधून सगळीकडं फिरत होते, पाहुण्यांना हवं नको बघत होते, आणि दर थोड्या वेळानं त्यांची मान मांडवाच्या तोंडाकडं वळत होती. आईनं मला कोपरानं ढोसून दाखवलं. चार वाजता झाल झाली, म्हणजे वेळूची टोपली नवऱ्याकडच्या माणसांच्या डोक्यावर ठेवून मुलगी सोपवली. आबांनी अक्काचा हात धरला. बँडमास्तरनं जवळ येऊन विचारलं, "काय वाजवू?"

अक्का आबांकडं बघत होती. "काय नगं," ते म्हणाले. "नुसतंच जाऊ दे."

अक्का हलली नाही.

एवढ्यात लाल कोटांच्या मागून एक पांढरा सदरा पुढं आला. टोपी, धुळीनं लाल झालेलं धोतर, काखेत पेटी. दत्तूकाका! तिथंच उकिडवे बसून त्यांनी क्लॅरोनेट जोडलं, फुंकायची पत्ती ओठांत ओली केली आणि बँडमध्ये जाऊन उभे राहिले. उजवीकडं नाही. डावीकडं, आबांच्या जागी.

त्यांनी सुरू केलं. खालची सुरावट तर आधी एकटीच असते, त्यामुळं पाहुण्यांना वेगळं काही वाटलं नाही. बायकांनी पदर वर घेतले. आम्हाला मात्र दर सुरागणिक कळत होतं की आता ती जागा येणार, वरच्यानं येऊन मिळायची. आई माझा दंड धरून उभी होती. ती जागा आली. दत्तूकाका वर गेले नाहीत. खालचीच धरून पुढं निघाले, आणि त्यांच्या उजव्या हाताची जागा मोकळीच होती.

मग आबांनी तोंड उघडलं.

एका हातात लेकीचा हात, फेटा कलंडलेला, डोळ्यांतून धारा, आणि आबा भर मांडवात "रा रा री" करत वरची सुरावट गाऊ लागले. गळा नव्हताच त्यांना. खरखरीत, मोठा, उसाच्या फडात हाक मारावी तसा आवाज. नवऱ्याकडचं कोणीतरी म्हणालं, "व्याही येडा झाला का काय?" दुसरा हसला. पोरं टकामका बघायला लागली. आबांनी कुणाकडंही बघितलं नाही. दत्तूकाकांचे गाल फुगलेले, डोळे मिटलेले, आणि ते आबांना सांभाळून, जिथं आबांचा दम सरत होता तिथं थांबून, वाजवत होते. गाडीवाल्यानं हॉर्न दिला, तेव्हा नवरी मुलगी मागं वळून ओरडली, "थांबा की वो जरा!"

एरवी गाडी सुटली की चाल तिथंच तुटायची, शेवट वाजायचा तो फक्त तालमीत. त्या दिवशी मी ती पहिल्यांदा शेवटापर्यंत ऐकली. मग अक्का वाकून आबांच्या पाया पडली, दत्तूकाकांच्या पाया पडली आणि आपली आपण गाडीत जाऊन बसली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. आम्ही सगळे तसेच उभे होतो. दत्तूकाका क्लॅरोनेट सदऱ्याला पुसत आबांच्या शेजारी येऊन उभे राहिले. तीन वर्षांनी त्यांचा पहिला शब्द काय असेल म्हणून मी कान टवकारले.

"शेवटच्या ओळीत चुकलास," ते म्हणाले. "तिथं वर जायचं न्हाय, थांबायचं असतं."

आबांनी फेट्याच्या शेवटानं नाक पुसलं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "वीस वर्षं तू तिथंच चुकायचास. मी तशीच पाठ केलीया."